निवाडा करण्याआधी : वाचकांचे प्रश्न

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर उरकल्या, चर्चच्या काही मंडळ्यांत नव्या कमिट्या आल्या आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. एरवी एखाद्या वचनाचा अर्थ विचारणारे वाचक या वेळी विचारत आहेत की खुर्चीत बसल्यावर करायचे काय. बायबलात याची उत्तरे पुष्कळ आहेत, पण ती उपदेशात कमी आणि गोष्टींत जास्त सापडतात. त्यातही फसलेल्या निवाड्यांच्या गोष्टी अधिक कामाच्या. पत्रलेखकांची नावे गाळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न (कोथरूड) : आमच्या सोसायटीत एकाच पार्किंगवर दोन सभासद हक्क सांगतात. कमिटी म्हणते, सहा-सहा महिने वाटून द्या, शलमोनाचा न्याय करा. मी सचिव आहे. हे बरोबर होईल का?

उत्तर : इस्राएलच्या शलमोन राजाने काहीही वाटून दिले नव्हते. बायबलातल्या १ राजे या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली ती गोष्ट आपल्याकडे तलवारीपासून सांगितली जाते, म्हणून हा घोटाळा होतो. तलवार मागवण्याआधी काय झाले ते वाचा. एका घरात राहणाऱ्या दोन बायका, दोघींची बाळंतपणे तीन दिवसांच्या अंतराने झालेली, एकीचे मूल रात्री दगावलेले. घरात तिसरे कोणी नव्हते हे फिर्यादीतच आले आहे. म्हणजे साक्षीदार नाही, कागद नाही. राजा दोघींचे पुरते ऐकून घेतो आणि मग दोघींचे म्हणणे त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडाने मांडतो: ही म्हणते जिवंत मूल माझे, ती म्हणते तुझे नाही, माझे. परीक्षा त्यानंतर: तलवारीने मुलाचे दोन तुकडे करून अर्धे-अर्धे द्या. पुरावा मिळण्याची शक्यताच उरली नाही तेव्हा वापरलेला तो उपाय होता. तुमच्याकडे पार्किंगचे रजिस्टर, वाटपाचे पत्र, त्या वर्षीच्या सभेचे इतिवृत्त, एवढे तरी असेलच.

अर्धे-अर्धे करण्याचा निवाडा बायबलात आहे, पण तो शलमोनाच्या वडिलांचा, दावीद राजाचा, आणि तो काही चांगला नाही. मुलगा अबशालोम याच्या बंडामुळे दावीद यरुशलेम सोडून पळत असताना त्याला वाटेत सीबा भेटला. हा आधीचा राजा शौल याच्या घराण्याचा जुना कारभारी. त्याचा धनी मफीबोशेथ, शौलाचा नातू, योनाथानाचा दोन्ही पायांनी अधू मुलगा. सीबाने खोगीर घातलेली दोन गाढवे, दोनशे भाकरी, मनुकांच्या शंभर ढेपा, फळे आणि द्राक्षारसाचा बुधला आणला आणि सांगितले, धनी मागेच थांबलेत, आजोबांचे राज्य आता परत मिळेल म्हणतात. दावीदाने तिथल्या तिथे मफीबोशेथाची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकली (२ शमुवेल १६). पुढे एकोणिसाव्या अध्यायात मफीबोशेथ समोर येतो. राजा गेला त्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखलेली नाही, दाढी कातरलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, नोकराने दगा दिला, असे तो सांगतो. पुरावा अंगावर दिसत होता. दावीद म्हणतो, आता जास्त बोलू नकोस, तू आणि सीबा जमीन वाटून घ्या. त्यावर मफीबोशेथ म्हणतो, सगळी त्यालाच घेऊ द्या, राजा सुखरूप आला हे पुष्कळ झाले. जवळजवळ हेच पुढे शलमोनासमोर खरी आई बोलली, मूल तिलाच द्या, पण मारू नका. शलमोनाने ते ओळखले, त्याच्या बापाला ओळखता आले नाही. घाईत दिलेला पहिला हुकूम मागे घ्यायची लाज वाटली की अर्धे-अर्धे सुचते. तुमच्या कमिटीतल्या कोणी या दोघांपैकी एकाला आधीच तोंडी शब्द दिला आहे का, तेवढे विचारून घ्या.

आता कामाचे. दोघांकडून एकेक पान लेखी घ्या. एकाचे दुसऱ्याला द्या, उत्तराला आठ दिवस द्या. मग दोघांना एकाच बैठकीला बोलवा आणि प्रत्येकाचे म्हणणे तुम्ही आपल्या शब्दांत सांगा, "हेच म्हणायचे आहे ना?" असे विचारून त्याखाली सही घ्या. निम्मे वाद इथेच आकसतात, कारण मागणी नेमकी काय आहे हे पहिल्यांदाच कळते. पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत, हे नीतिसूत्रे १८:१७ मध्ये आहे. सोसायटीत पहिला बोलणारा म्हणजे बहुधा संध्याकाळी मोबाइलमधले फोटो घेऊन तुमच्या घरी येणारा. त्याला चहा द्या, मत देऊ नका. निर्णयाची कारणे दोन-तीन ओळींत इतिवृत्तात लिहा. कारण लिहिता येत नसेल तर निर्णय तयार झालेला नाही.

प्रश्न (खडकी) : मंडळीच्या नव्या कमिटीत आम्ही सगळे तिशी-पस्तिशीचे आहोत. ज्येष्ठ मंडळी "रहबामासारखे करू नका" म्हणून ऐकवतात. तरुणांचा सल्ला घेतला म्हणून राज्य फुटले, हा त्या गोष्टीचा अर्थ आहे का?

उत्तर : ज्येष्ठांनी १ राजे १२ च्या पुढे दोन अध्याय वाचायला हवे होते. गादीवर बसला तेव्हा शलमोनाचा मुलगा रहबाम एकेचाळीस वर्षांचा होता (१४:२१), आणि ते "तरुण" त्याच्याबरोबर वाढलेले होते. म्हणजे चाळिशीतले लोक. वयाचा इथे फारसा संबंध नाही.

चूक दुसरीकडे आहे. लोकांची मागणी एकच होती: तुमच्या वडिलांनी लादलेला जाच हलका करा. जाच काय होता तेही लिहिलेले आहे. तीस हजार माणसे वेठीला धरलेली, दहा-दहा हजारांच्या पाळ्या, एक महिना लबानोनात लाकूडतोड आणि दोन महिने घरी (१ राजे ५). रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली, इथपर्यंत ठीक. ज्येष्ठांना विचारले, त्यांचा नमते घेण्याचा सल्ला टाकला, मग सोबत्यांना विचारले आणि त्यांच्या सांगण्यावरून जाच आणखी वाढवीन असे लोकांना सुनावले. हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे याला सल्लामसलत म्हणत नाहीत. कहर म्हणजे लोक बिथरल्यावर बोलणी करायला त्याने पाठवले कोणाला, तर वेठीवरचा अधिकारी अदोराम याला! लोकांनी त्याला दगडांनी ठार केले, राजा रथात बसून पळाला आणि दहा वंश गेले ते गेलेच.

तेव्हा तुमच्या वयाची काळजी सोडा. मागच्या कमिटीवरच्या तक्रारी लिहून काढा आणि ज्या माणसाविषयी तक्रार आहे त्यालाच समजूत काढायला पाठवू नका. शिवाय ट्रस्ट नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेला पाहिजे. हा राहून जातो आणि मग बँक सह्या बदलून देत नाही. ज्येष्ठांपैकी ज्याला मागचे अर्ज भरण्याची सवय आहे त्याला सोबत न्या.

प्रश्न (पिंपरी) : आमची मंडळी २४० कुटुंबांची. पाळकसाहेबांना सकाळपासून रात्रीपर्यंत फोन. कामे वाटली तरी सगळे परत त्यांच्याकडेच येते. असे का होते?

उत्तर : कामे वाटली, निर्णय वाटले नाहीत, म्हणून. निर्गम १८ पुन्हा पाहा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेला आणि लोक ताटकळलेले. त्याचा सासरा इथ्रो, जो मिद्यानी याजक होता, म्हणजे बाहेरचा माणूस, तो म्हणतो, हे बरे नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. एकखांबी कारभारात नेता दमतो हे दिसते; रांगेतली माणसे न्याय न मिळताच घरी जातात ते कोणी मोजत नाही.

इथ्रोने हजार, शंभर, पन्नास आणि दहा अशा पायऱ्या सांगितल्या. हजार माणसांमागे एक, दहा, वीस आणि शंभर मिळून १३१ प्रमुख होतात. सहा लाख पुरुष धरून यहूदी शास्त्र्यांनी हा आकडा ७८,६०० काढला आहे. हिशेब खटकण्याइतका मोठा वाटतो, पण त्यात मेख आहे: बहुतेक प्रमुख दहांचे आहेत. म्हणजे बहुतेक भांडणे ज्या गल्लीत झाली तिथेच मिटावीत अशी रचना. तुमच्या २४० कुटुंबांना दहांचे चोवीस आणि पन्नासांचे पाच पुरेत. त्यावर पाळक आणि आणखी दोघे.

मात्र प्रत्येक पायरीने काय ठरवायचे ते लिहून द्यावे लागते. उदाहरणार्थ, आजाऱ्याची भेट, शाळेच्या फीसाठी दोन हजारांपर्यंतची मदत, शेजारच्या दोन घरांतली कुरबूर हे दहांच्या प्रमुखाने कोणाला न विचारता करावे आणि महिन्याच्या शेवटी एका ओळीत कळवावे. त्याहून मोठी रक्कम किंवा पती-पत्नीचा वाद पन्नासांच्या प्रमुखाकडे. आणि खालच्याने दिलेला निर्णय पाळकांनी फोनवर फिरवायचा नाही. तो एकदा फिरवला की दुसऱ्या दिवसापासून चोवीसही जण शोभेचे होतात. अपील हवे तर लेखी, दोघांना समोर ठेवून.

माणसे कशी निवडायची? इथ्रोच्या चार अटी: कर्तबगार, देवभीरू, सत्याला धरून राहणारी, गैरलाभाचा तिटकारा असलेली. यातली पहिली अट निवडणुकीच्या भाषणात थोडीफार दिसते, उरलेल्या तीन दिसत नाहीत. म्हणून १ तीमथ्य ३:१० मध्ये सेवकांची आधी पारख करा असे आहे आणि ५:२२ मध्ये कोणावर घाईने हात ठेवू नका, म्हणजे घाईने पदावर नेमू नका, असे. सहा महिने छोट्या रकमेची जबाबदारी देऊन पाहणे हा त्याचा सरळ अर्थ. निवड लोकांनी सुचवावी आणि नेमणूक नेत्याने करावी, असे 'अनुवाद' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे स्वतः सांगतो. प्रेषितांची कृत्ये ६ मध्येही तसेच झाले. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार होती. निवडलेल्या सात जणांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार त्यांच्याच हातात कोठाराच्या किल्ल्या दिल्या. तुमच्याकडे मराठी उपासनेचे आणि इंग्रजी उपासनेचे असे दोन गट असतील आणि एक गट कुरकुरत असेल, तर वाटपाचे काम त्या गटाकडे द्यायची हिंमत करा.

प्रश्न (येरवडा) : कोषाध्यक्षांनी पैसे खाल्ले असे निनावी पत्र आले आणि दोन दिवसांत ते सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरले. काहींच्या मते निनावी पत्र फाडून टाकावे, काहींच्या मते त्यांना लगेच काढावे. शास्त्र काय सांगते?

उत्तर : दोन्ही नाही. एका साक्षीवर कोणाला दोषी धरू नये, दोघा-तिघांच्या साक्षीने गोष्ट पक्की व्हावी (अनुवाद १९:१५), आणि मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांवरचा, आरोप तर त्याशिवाय दाखलच करून घेऊ नये (१ तीमथ्य ५:१९). निनावी पत्र ही एकही साक्ष नाही. पण अनुवाद १३:१४ आणि १७:४ मध्ये, काही कानावर आले तर कसून चौकशी करा, शोध घ्या, विचारपूस करा, असेही आहे. म्हणजे निनावी पत्रावरून शिक्षा देता येत नाही, पण वह्या उघडता येतात. या दोन गोष्टी कमिट्या नेहमी एकत्र करतात आणि मग एक तर निरपराध माणूस बदनाम होतो किंवा चोरी झाकली जाते.

दोन साक्षीदार मिळाले म्हणजे झाले, असेही समजू नका. नाबोथाचा द्राक्षमळा (१ राजे २१) हे त्याचे भयंकर उदाहरण आहे. नाबोथ आपला मळा अहाब राजाला द्यायला तयार नव्हता, म्हणून ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाची मोहोर लावली, गावाला उपवास जाहीर झाला, नाबोथाला लोकांपुढे बसवले, समोर दोन साक्षीदार बसवले, त्यांनी खोटी साक्ष दिली आणि गावाबाहेर नेऊन त्याला दगडमार झाली. कायद्याची एकही पायरी चुकली नाही! चुकले ते एवढेच की साक्षीदारांना कोणी एकही प्रश्न विचारला नाही आणि नाबोथ गेल्यावर मळा कोणाला मिळणार हे कोणी बोलले नाही.

प्रश्न कसे विचारायचे ते सुसान्नेच्या गोष्टीत आहे. कॅथलिक बायबलात दानीएलाचा तेरावा अध्याय म्हणजे ही गोष्ट. प्रोटेस्टंट वाचकांच्या प्रतीत ती नसते. दोन प्रतिष्ठित वडील तिच्यावर बागेतल्या व्यभिचाराचा आळ घेतात. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवून मोकळे झालेले असतात. दानीएल दोघांना एकमेकांपासून दूर करून एकच प्रश्न विचारतो, कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे वेगवेगळी झाडे सांगतात. तुमच्याकडे झाडाऐवजी व्हाउचर आहे. आरोप करणारे पुढे आले तर प्रत्येकाला वेगळे बसवा आणि तेच विचारा: कोणत्या महिन्याची रक्कम, कोणत्या कामाची, तुम्ही पाहिले की ऐकले, तेव्हा आणखी कोण होते. "सगळ्यांना माहीत आहे" हे उत्तर कोरी जागा म्हणून लिहा.

चौकशीला तिघे पुरेत, त्यातला एक मंडळीबाहेरचा आणि हिशेब कळणारा. कोषाध्यक्षांचा नातेवाईक नको, आणि त्यांच्या जागी ज्याचे नाव घेतले जात आहे तो तर नकोच. त्यांना पत्राची प्रत द्या, लेखी उत्तराला पंधरा दिवस द्या, तोवर सही करण्याचा अधिकार दुसऱ्या दोघांकडे ठेवा. पण याला "निलंबन" म्हणू नका. बँकेचे स्टेटमेंट, पावतीपुस्तकांची स्थळप्रत आणि व्हाउचर हे तिन्ही समोरासमोर ठेवून तपासा. स्थळप्रतींचे अनुक्रम तुटलेत का हे सगळ्यात आधी पाहा. गोंधळ बहुधा खर्चात नसतो, जमा न झालेल्या पावत्यांत असतो. दोष सिद्ध झाला तर तो सर्वांसमोर सांगावा (१ तीमथ्य ५:२०). सिद्ध झाला नाही तर तेही ज्या ग्रुपवर आरोप फिरला त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे. आरोप जाणूनबुजून खोटा निघाला तर दुसऱ्याचे जे करायचे योजले होते ते खोट्या साक्षीदाराचे करावे, असा अनुवाद १९:१९ चा दंडक आहे. म्हणजे इथे, त्यालाच कोणत्याही पदापासून दूर ठेवणे.

एक अपवाद ठामपणे सांगायला हवा. तक्रार लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची असेल तर दोन साक्षीदारांचा नियम पुढे करून कमिटीने चौकशी करत बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. जो नियम नाबोथाला वाचवण्यासाठी आहे त्याच्या आडून अहाबाला वाचवणे हा शास्त्राचा अवमान होईल.

प्रश्न (त्याच पत्रातला दुसरा) : दानाचे पैसे मोजण्याची बायबलात काही पद्धत आहे का?

उत्तर : आहे, आणि ती आजच्या हिशेबतपासनिसालाही आवडेल. २ राजे १२ मध्ये योवाश राजाच्या काळात मंदिर दुरुस्तीचे पैसे याजकांमार्फत गोळा होत होते आणि दुरुस्ती मात्र होत नव्हती. तेव्हा झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली. पेटी जड झाली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत व थैल्यांत बांधत. दोन माणसे, दोन वेगळ्या कचेऱ्यांची. एज्रा ८ मध्ये तर बाबेलहून निघताना एज्राने सोने-चांदी याजकांतल्या बारा प्रमुखांना तोलून दिली. त्यात साडेसहाशे किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी आणि शंभर किक्कार सोने होते. यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी दोन याजक आणि दोन लेवी यांच्यासमोर ती पुन्हा तोलली आणि वजन लिहून ठेवले. प्रेषित पौलही करिंथकरांची वर्गणी एकटा नेत नाही, सोबत माणसे घेतो आणि कारण सांगतो: कोणाला दोष द्यायला जागा राहू नये (२ करिंथ ८:२०).

रविवारी असे करा. उपासना संपताच वेस्ट्रीत (चर्चच्या आतल्या खोलीत) दोन वेगळ्या घरांतली दोन माणसे बसतील. पाचशेच्या किती, शंभरच्या किती अशी चिठ्ठी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, बेरीज अक्षरी. एक प्रत रकमेबरोबर, एक सचिवाकडे. सोमवारी तीच रक्कम बँकेत भरायची. "वीज बिलाला त्यातूनच दिले" हे चालणार नाही, खर्च नेहमी खात्यातून. जोड्या दर महिन्याला बदला. क्यूआर कोडने आलेले दान कोणाच्या वैयक्तिक खात्यात जात नाही ना, हे आजच पाहा.

प्रश्न (हडपसर) : मेंटेनन्स थकवलेल्या दोघांपैकी एक विधवा आहेत, दुसरे सुस्थितीतले. बाईंचे व्याज माफ केले तर दुसरे म्हणतात मलाही करा. गरिबाची बाजू घेणे हाच बायबलचा न्याय नाही का?

उत्तर : निर्गम २३ मध्ये तीन ओव्यांच्या अंतराने दोन आज्ञा आहेत: वादात गरीब म्हणून त्याची बाजू घेऊ नको (ओवी ३), आणि गरिबाच्या वादात त्याचा न्याय बुडवू नको (ओवी ६). लेवीय १९:१५ दोन्ही एकत्र सांगते. याचा उलगडा असा की देणे किती हे ठरवताना तोंड पाहायचे नाही. आणि देणे ठरल्यावर हात आखडायचा नाही. व्याजाचा दर उपविधीप्रमाणे दोघांना सारखाच लावा. तो सरळव्याजाने असतो आणि उपविधीतल्या मर्यादेपेक्षा जास्त नसतो. चक्रवाढ लावली असेल तर ती आधी काढा, कदाचित बाईंचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. मग सवलतीचा वेगळा ठराव करा आणि त्यात निकष लिहा: कमावते माणूस गेल्यापासून इतके महिने, हप्ते इतके. ज्याला निकष लागू पडेल त्याला सवलत. सुस्थितीतल्या सभासदाला तो लागू पडणार नाही, आणि त्याला नाही म्हणताना कोणाचे उपकार-अपकार निघणार नाहीत.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात हेच मोठ्या प्रमाणावर आहे. दुष्काळात गरिबांनी शेते गहाण टाकली, मुले गुलामीत गेली. यहूदाचा सुभेदार नहेम्या संतापतो, पण आधी मनाशी विचार करतो, मग सरदारांना बोलावतो, मोठी सभा भरवतो, आणि मीही धान्य-पैसे उसने दिले आहेत हे कबूल करून "आपण हे सोडून देऊ" म्हणतो. शेते आणि शेकडा एक असे घेतलेले व्याज परत करण्याची शपथ त्याने याजकांसमोर घ्यायला लावली. स्वतः बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. तुमच्या कमिटीतल्या कोणाची थकबाकी आहे का? असेल तर ती आधी भरा, मग ठराव मांडा.

प्रश्न (सदाशिव पेठ) : मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडे नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे. बायबलात असा कोणी आहे का?

उत्तर : नाथान संदेष्टा, २ शमुवेल १२. फरक असा की १७७३ च्या त्या खुनाची चौकशी रामशास्त्र्यांनी न्यायाधीश म्हणून केली. नाथानाकडे तसे पद नव्हते. दावीदाने आपला सैनिक उरीया याला लढाईत मुद्दाम मरू दिले आणि त्याच्या बायकोला घरात आणले होते. नाथानाने आरोप केला नाही, एक फिर्याद मांडली: एका श्रीमंताने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. दावीद भडकून म्हणाला, तो मरणास पात्र आहे, त्याने चौपट भरपाई द्यावी. मेंढीच्या चोरीला चौपट हा निर्गम २२:१ चा नियम, म्हणजे राजाने निकाल कायद्याला धरून दिला. मगच नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

वरिष्ठाला चूक दाखवायची असेल तर हा क्रम अजूनही उपयोगी आहे. आधी नाव न घेता नियम मान्य करून घ्या, मग नाव घ्या. उलट केले तर चर्चा नावावरच अडते. आणि दावीदाची बाजूही सांगायला हवी: त्याने नाथानाला दरबारातून घालवले नाही. उरीयाची ती बायको बथशेबा हिच्यापासून झालेल्या त्याच्या एका मुलाचे नाव नाथान आहे (१ इतिहास ३:५).

प्रश्न (वानवडी) : आमच्या समाज मंडळाच्या घटनेत लग्न झालेल्या मुलींना सभासदत्व नाही. नियम जुना आहे, बदलू नये, असे अध्यक्ष म्हणतात.

उत्तर : बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचा. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून विचारतात: बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव का पुसले जावे? मोशे नियम दाखवून त्यांना परत पाठवत नाही, प्रकरण परमेश्वरापुढे नेतो. मुलींचे बरोबर आहे असे उत्तर येते आणि त्यांच्यापुरता अपवाद न करता सगळ्यांसाठी वारसाचा नियम बदलतो. पुढे छत्तिसाव्या अध्यायात कुळातले वडील अडचण मांडतात की या लग्न होऊन परवंशात गेल्या तर जमीनही जाईल. तेव्हा तो नियम पुन्हा दुरुस्त होतो, पण मुलींचा हक्क काढून घेतला जात नाही.

अध्यक्षांची भीती नेमकी कशाची आहे ते विचारा: मतदारयादी फुगण्याची की मालमत्तेत वाटा मागण्याची? दुसरी असेल तर सभासदत्वाने मंडळाच्या मालमत्तेत कोणाचाच वाटा निर्माण होत नाही हे दाखवा. पहिली असेल तर "दोन वर्षे वर्गणी भरल्यावर मतदान" अशी अट सगळ्या नव्या सभासदांना, मुलग्यांनाही, सारखी लावा. घटनेत दुरुस्तीसाठी किती दिवसांची नोटीस आणि किती बहुमत लागते ते कलम काढून वाचा, दुरुस्तीचा मजकूर नोटिशीतच शब्दशः छापा, आणि त्या सभेला विवाहित मुलींपैकी चौघी-पाचजणींना स्वतः बोलायला बोलवा.